न वाचतां दिलेला होकार

जी वस्तु पैशावांचून मिळते तिचें मोल बहुधा श्रमानें चुकवावें लागतें. आमच्या संगणककक्षांत लिनक्स ही मुक्त प्रणाली आल्यापासून या गोष्टीची मला पुरती प्रचीति आली आहे.

गेल्या वर्षीं दहावीच्या वर्गाला वर्तुळाचीं प्रमेयें हलत्या आकृतींनीं समजवावीं, या हेतूनें मीं जिओजेब्रा हा भूमितीचा प्रोग्रॅम संगणकावर घ्यावयास निघालों. आज्ञा लिहिली. उत्तर आलें तें ४०४ या आंकड्याचें. म्हणजे मागितलेली वस्तु त्या पत्त्यावर नाहीं. पुढें कळलें कीं, आमची आवृत्ति अल्प मुदतीची होती. तिचा नऊ महिन्यांचा काळ सरला होता व तिचें भांडार दुसऱ्या पत्त्यावर हलविलें गेलें होतें. यंत्रानें यांतलें अवाक्षरही सांगितलें नाहीं. वर्ग वाट पाहत होता, मी अधीर झालों होतों. तेव्हां दुसऱ्याच वितरणासाठीं कोणीं तरी लिहिलेली आज्ञा मीं जशीच्या तशी उतरविली. कोणकोणतीं पॅकेजें काढावीं लागतील याची लांबलचक यादी दाखवून यंत्रानें माझी संमति विचारली. मीं यादी न वाचतां होकार दिला. संगणक पुन्हां सुरू केला तों खिडक्या नाहींत, चित्रें नाहींत. काळ्या पडद्यावर पांढरीं अक्षरें तेवढीं उरलेलीं! प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहूं नका, असें ज्यांना मी नित्य बजावतों, तीं मुलें हंसलीं. आणि त्यांचें हंसणें रास्त होतें.

असें कां व्हावें? लिनक्सवरील प्रोग्रॅम बहुधा एकटा येत नाहीं. त्याला लागणारे पुष्कळसे भाग तो इतर प्रोग्रॅमांशीं वांटून घेतो. समजा, आपल्या ग्रंथालयांत एका कोशासाठीं फळीवर एकच जागा आहे. एक विद्यार्थी तिसरी आवृत्ति मागतो, दुसरा चौथीवांचून अडून बसतो. ग्रंथपालानें काय करावें? डेबियनसारख्या वितरणांत अशा मागण्या जुळविण्याचें काम 'ॲप्ट' नांवाचा व्यवस्थापक करतो, आणि परके भांडार मध्यें न घुसविलें तर तें उत्तम करतो. हा तंटा टाळण्यासाठीं आतां स्नॅप, फ्लॅटपॅक, ॲपइमेज अशा रीती निघाल्या आहेत. त्यांत प्रोग्रॅम आपली शिदोरी बरीचशी बरोबर आणतो. तंटा मिटतो खरा, पण जागा अधिक लागते, आणि आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना तें ओझें जड जातें. शिवाय एकच प्रोग्रॅम तीन वाटांनीं मिळूं लागला म्हणजे नवशिक्यानें कोणती वाट धरावी, हा चौथा प्रश्न उभा राहतो.

पालकसभेंत एका सद्गृहस्थांनीं विचारलें, "सर, हा खटाटोप कशाला? बाजारांत दुसरी प्रणाली ४०० रुपयांत टाकून देतात." मीं म्हटलें, "ती परवान्याची असते काय?" ते नुसते हंसले. पालकहो, माझा मतभेद आहे तो येथेंच. परवान्याची प्रत विकत घेणें यांत गैर कांहीं नाहीं. परंतु चोरीची प्रत मुलाच्या हातीं देऊन त्याच संगणकावर त्याला सचोटीचा निबंध लिहावयास सांगणें मला जमणार नाहीं. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानें आपलें अपुरें काम जगापुढें ठेविलें आणि हजारों हातांनीं तें वाढविलें. ही प्रणाली उघडून पाहण्याचा, बदलण्याचा व शेजाऱ्यास देण्याचा अधिकार आपल्या मुलांनाही आहे. तो चार आकृतींच्या सोयीसाठीं कां सोडावा?

तथापि जाणत्या मंडळींचाही दोष झांकून ठेवूं नये. अडलेल्या माणसाला "आधीं माहितीपुस्तक वाचा" म्हणून वाटेस लावणें सोपें आहे. परंतु तें पुस्तक व यंत्राचा तो संदेश, दोन्ही परभाषेंत व परिभाषेंत असले, तर मराठी शाळेंतल्या मुलानें काय वाचावें? काय बिघडलें व पुढें काय करावें, हें जें यंत्र साध्या भाषेंत सांगूं शकत नाहीं, त्याची मुक्तता जाणत्यांपुरतीच राहते.

आम्हीं पुढें पांच वर्षें आधार मिळणारी आवृत्ति बसविली. तिच्याच भांडारांतून जिओजेब्रा निमूटपणें आला. नववीच्या मुलांनीं एक वही घातली आहे. तींत प्रत्येक अडचणीचा संदेश, त्याचा मराठी अर्थ व केलेला उपाय हीं लिहून ठेवितात. पहिल्या पानावर माझाच पराक्रम नोंदलेला आहे. यंत्रानें संमति विचारली कीं हल्लीं एक मूल यादी मोठ्यानें वाचतें व बाकीचीं ऐकतात. यांत वेळ जातो, हें खरें. परंतु त्या दिवशीं मीं वांचविलेल्या एका मिनिटापायीं दोन तासिका बुडाल्या होत्या, हें वर्ग अद्याप विसरलेला नाहीं.