आधी गळती, मग सौर

छपरावर किती किलोवॉटचे सौर पॅनेल बसवावे, हा प्रश्न आज लहान वर्कशॉपचे मालक आवर्जून विचारतात. वीजबिलाचा आकडा पाहता तो स्वाभाविकच आहे. पण त्याआधी दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर हाती हवे. आज आपण विकत घेतो त्या विजेतली किती जॉबवर लागते आणि किती कोणतेही काम न करता जाते? हे न पाहता पॅनेल बसवले, तर कर्ज काढून गळतीलाच वीज पुरवल्यासारखे होईल.

सुरुवात कॉम्प्रेसरपासून करावी, कारण दाबाखालची हवा ही कारखान्यातल्या सर्वांत महाग ऊर्जांपैकी एक आहे. कॉम्प्रेसर जी वीज घेतो, तिचा फार मोठा भाग उष्णता होऊन निघून जातो. उरलेल्या विजेतून जी हवा तयार होते, तिच्यातली किती गळते, हे मोजायला पैसे लागत नाहीत, घड्याळ पुरते. शिफ्ट संपल्यावर हवा वापरणारी सगळी यंत्रे बंद करा, फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवा. तो किती वेळ लोडवर आणि किती वेळ अनलोडवर राहतो, ते चार-पाच वेळा लिहून काढा. समजा तो दोन मिनिटे लोडवर आणि तीन मिनिटे अनलोडवर राहिला. म्हणजे त्याच्या क्षमतेतली ४० टक्के हवा गळते आहे. कॉम्प्रेसर १५ किलोवॉटचा असेल, तर ही गळती सरासरी ६ किलोवॉट खाते. रोज दहा तास, महिन्याला २५ दिवस धरले, तर १,५०० युनिट झाले. अनलोडवर असताना तो जी वीज घेतो, ती यात धरलेलीच नाही. आपल्या बिलातल्या दराने या युनिटांना गुणून पाहा. त्या रकमेत कपलिंग, क्लॅम्प आणि नवे होज पाइप किती येतील, याचा हिशेब वेगळा सांगायला नको.

गळती शोधायला साबणाचा फेस पुरतो. ती बंद झाली की दाब तपासा. साडेपाच बारवर चालणाऱ्या कामासाठी सात बार दाब ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. एक बार दाब कमी केला की कॉम्प्रेसरची वीज साधारण सहा-सात टक्के वाचते. कॉम्प्रेसर बंद खोलीतली तापलेली हवा ओढत असेल, तर त्याला बाहेरची थंड हवा मिळेल अशी सोय करा. एअर गनने कपडे झटकण्याची पद्धतही थांबवली पाहिजे. तिच्यात विजेचा अपव्यय तर आहेच, डोळ्यांना आणि कानांना धोकाही आहे.

यानंतर बिल हाती घ्या. बहुतेक ठिकाणी ते थेट हिशेबनिसाकडे जाते आणि यंत्रे चालवणाऱ्याच्या नजरेस कधी पडत नाही. त्यावरच्या दोन नोंदी सुपरवायझरने दर महिन्याला पाहाव्यात. पहिली पॉवर फॅक्टरची. ३० किलोवॉटचा भार ०.८० पॉवर फॅक्टरवर ३७.५ केव्हीए होतो, तोच ०.९८ वर ३०.६ केव्हीए. केव्हीएएचवर बिल येणाऱ्या ग्राहकाला हा फरक प्रत्येक युनिटमागे भरावा लागतो. विजेच्या पॅनेलमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर आहेत, एवढ्यावर समाधान मानू नका. ते कालांतराने निकामी होतात. तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून टाँग टेस्टरने प्रत्येकाचा करंट मोजून घ्या. दुसरी नोंद कमाल मागणीची. ती क्षणाची नसते, ठरावीक मिनिटांच्या सरासरीची असते. म्हणून भट्टी तापवणे आणि बाकीची जड यंत्रे चालवणे एकाच वेळी येणार नाही, असे वेळापत्रक आखता येते. करार मागणी खऱ्या गरजेपेक्षा फार जास्त किंवा कमी असेल, तर ती बदलून घ्या.

वेळेचे महत्त्व आता आणखी वाढले आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार १० किलोवॉटहून अधिक कमाल मागणीच्या औद्योगिक आणि व्यापारी ग्राहकांना सौर तासांत सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के स्वस्त आणि गर्दीच्या तासांत महाग वीज असे धोरण ठरले. वेळा आणि दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, म्हणून आपल्या बिलावरचे ताजे टप्पे पाहूनच जड काम दिवसा आणायचे की नाही, ते ठरवावे. जळालेली जुनी मोटर तिसऱ्या-चौथ्यांदा रिवाइंड करण्याआधीही असाच हिशेब मांडा. रोज दहा-बारा तास चालणाऱ्या मोटरीची किंमत तिच्या आयुष्यभराच्या विजेपुढे थोडीच असते.

हे सगळे झाल्यावर सौर पॅनेलवाल्याला बोलवा. तेव्हा गरज कमी झालेली असेल, पॅनेल लहान लागेल आणि कर्जही.

येत्या साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, यंत्रे थांबल्यावर, कॉम्प्रेसरपाशी अर्धा तास उभे राहा. लोड-अनलोडच्या वेळा वहीत लिहा आणि ती वही सोमवारी कामगारांसमोर उघडा. गळती कुठे आहे, हे त्यांना बहुधा आधीच ठाऊक असते. त्यांना विचारा.