शेजारच्या दारातला पेपर



सकाळी जिना उतरताना दारांच्या कड्यांत अडकवलेले पेपर दिसतात आणि तेवढ्यावरून आपण त्या घरातल्या माणसांची पायरी ठरवून टाकतो. इंग्रजी पेपर असला की घर सुस्थितीतले. ‘लोकसत्ता’ किंवा ‘म.टा.’ असला की पांढरपेशे. ‘नवाकाळ’ दिसला की कामगारांचे. हा निवाडा आम्हाला अन्यायाचा वाटतो.

‘नवाकाळ’चेच पाहा. 1923 साली तो काढला नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी, ज्यांनी आधी ‘केसरी’चे संपादकपद सांभाळले होते. पुढे ‘नवाकाळ’चेच संपादक नीळकंठ खाडिलकर यांना ‘अग्रलेखांचा बादशहा’ म्हटले गेले, ते गिरणगावातल्या वाचकांच्या जिवावर. पाळी संपवून आलेला कामगार अग्रलेख वाचत होता, त्यावर वाद घालत होता. अग्रलेख हे सुशिक्षितांचेच वाचन, असे मानणाऱ्यांनी परळ-लालबाग कधी नीट पाहिलेच नाही.

पेपरांतली ही दरी जुनी आहे. शेतकरी-कष्टकऱ्यांचे म्हणणे प्रतिष्ठित पत्रांत येत नव्हते, म्हणून 1877 मध्ये कृष्णराव भालेकरांना पुण्यात ‘दीनबंधु’ काढावा लागला. नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मुंबईत चालवला आणि गिरणी कामगारांची संघटनाही बांधली. 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला. पैसे द्यायची तयारी असूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, हे बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवले आहे. कोणता पेपर कोणाचा, हे तेव्हा केवळ आवडीवर ठरत नव्हते. एका मोठ्या समाजाला दुसऱ्या कुणाच्या पानावर जागाच नव्हती.

आज हाच निवाडा बाजार करतो. वाचक पाहणीत कुटुंबाची श्रेणी ठरत आली ती मुख्य कमावत्याच्या शिक्षणावरून आणि ठरावीक अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत त्यावरून. वरच्या श्रेणीचा वाचक जाहिरातदाराला हवा असतो, त्यामुळे इंग्रजी पेपरला त्याच्या वाचकसंख्येच्या मानाने जाहिरातीचे अधिक पैसे मिळतात. मग कोणाची बातमी कुठे छापायची, यावरही त्याची सावली पडते. अनेक मराठी घरांत इंग्रजी पेपर मुलांच्या भाषेसाठी म्हणून येतो, तो हळूहळू बैठकीत मांडला जातो आणि मराठी पेपर स्वयंपाकघरात सरकतो. मुले इंग्रजी वाचोत, जरूर वाचोत. पण मराठी पेपर पाहुण्यांपासून लपवण्याची वस्तू झाला, तर त्या घरातल्या आजीचे वाचनही कमी प्रतीचे ठरते, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

हे फक्त पेपरांचे नाही. 1909 मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. दिवाळी अंकांतही आज ‘वाङ्मयीन’ आणि ‘खपाऊ’ अशा पंगती बसल्या आहेत. या अंकात आम्ही त्या मोडायचा प्रयत्न केला आहे. कितपत जमला, ते आपण कळवावे. आणि एक विनंती: या सुट्टीत आपल्या घरी कधीच न येणारा एखादा पेपर विकत घ्या आणि अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत सगळा वाचा.



— संपादक