दातांमधला गंधार

मोरचंग हे वाद्य हातात घेतलेल्या माणसाची पहिली चूक ठरलेली. तो ते दातांनी करकचून धरतो. मग मधल्या पोलादी पट्टीला बोट लावताच ती फाडकन दातावर आपटते, की डोळ्यांत पाणीच.

खरं तर दात आवळायचेच नाहीत. लोखंडी चौकटीच्या दोन समांतर दांड्या वरच्या-खालच्या दातांना अलगद टेकवायच्या, दातांत पट्टीला हलण्यापुरती फट ठेवायची, वरून ओठ हलकेच मिटायचे आणि पट्टीचं बाहेर वाकलेलं टोक बोटानं छेडायचं. नुसतं हातात धरून छेडलं तर बारीकशी किणकिण ऐकू येते. तोंडाला लावलं की तोच आवाज घुमू लागतो, कारण या वाद्याचा भोपळा म्हणजे वाजवणाऱ्याचं तोंड.

पट्टीचा मूळ स्वर एकच. पण त्या एका स्वरात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वरांश दडलेले असतात. गळ्यातून आवाज न काढता मनातल्या मनात ‘ऊ’पासून ‘ई’पर्यंत जावं, जीभ सरकते, तोंडातली पोकळी बदलते आणि एकेक स्वरांश ठळक होत जातो. जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा यातलाच पाचवा. त्यामुळे ज्यानं तानपुऱ्याला कान लावला आहे, त्याचं निम्मं शिक्षण आधीच झालेलं असतं. सहाव्याला पंचम, सातव्याला कोमल निषादाहून जरा उतरलेला निषाद. शुद्ध मध्यम मात्र या रांगेत नाहीच! तेव्हा नवशिक्याला कुणी शुद्ध मध्यम असलेल्या रागाची फर्माईश केली तर त्यानं खुशाल हसून टाळावी.

फर्माईश करायचीच तर लयीची करावी. राजस्थानात लंगा-मांगणियारांच्या गाण्यात मोरचंग खडतालाच्या जोडीनं लय खेळवतं. कर्नाटक संगीतात त्याला मोरसिंग म्हणतात. तिथे ते मृदंगाचे बोल वाजवतं, म्हणून बोल आधी तोंडपाठ लागतात. स्वर किंचित उतरवायचा तर पट्टीच्या टोकाला मेणाचा ठिपका लावतात. सायबेरियातल्या याकूत लोकांचं खोमूस याच कुळातलं. त्यावर घोड्याच्या टापा आणि कोकिळेची साद काढतात. 2011 साली याकुत्स्कमध्ये 1344 जणांनी ते एकत्र वाजवून गिनीज विक्रम केला होता. युरोपातही, बेथोवनचे गुरू आल्ब्रेख्ट्सबर्गर यांनी या वाद्यासाठी कन्चेर्टो लिहिले.

दातांची धास्तीच वाटत असेल, तर व्हिएतनामच्या ह्मोंग लोकांचं पितळी दान मोई घ्यावं. ते नुसतं ओठांवर धरतात.

लोखंडी मोरचंग घेतलंच, तर वाजवून झाल्यावर कोरडं पुसून ठेवावं. लाळेनं ते गंजतं. शिवाय पोरांच्या हाती लागू देऊ नये. पट्टी एकदा वाकली, की ती पुन्हा नेमकी दांड्यांच्या मधोमध आणणं हे घरच्या पकडीचं काम नव्हे.