बंधपत्राचा डॉक्टर

खेड्यात जावयास डॉक्टर राजी नसतात, ही तक्रार इतकी रूढ झाली आहे की तिच्या मुळाशी कोणी जातच नाही. सरकारी डॉक्टर पूर्णवेळ पगारी असावा, त्याने खासगी व्यवसाय करू नये, असे भोर समितीने १९४६ साली सुचविले. विचार उदात्त खरा. पण मग त्याची भरपाई वेतनाने व्हावयास हवी. प्रत्यक्षात, केंद्रीय सेवेतील व्यवसायरोध भत्ता सातव्या वेतन आयोगानंतर मूळ वेतनाच्या २५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आला! आपल्या राज्यात तर शासकीय महाविद्यालयांतील नव्या पदवीधरांना बंधपत्राची वेसण घालून वर्षभरासाठी धाडले जाते. वर्ष सरते, डॉक्टर जातो. आदिवासी भागात २० हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे प्रमाण. तेथील कुपोषित मुलाचे घर ओळखणारा, अवघडलेल्या बाईला विश्वासाचा वाटणारा डॉक्टर एका वर्षात घडत नसतो. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे योजिले होते. मुदत टळली, उद्दिष्ट दूरच राहिले. कायम नेमणूक, वेळेवर वेतन आणि राहण्याजोगे घर एवढे तरी शासनाने आधी द्यावे. डॉक्टरांच्या सेवावृत्तीचे माप मग खुशाल काढावे.