दाखला काढण्याआधी

जून उजाडला की तुमच्यापैकी काही जण गावच्या जिल्हा परिषद शाळेत जातील. गुरुजींना म्हणतील, "दाखला द्या, पोराला तालुक्याला इंग्रजी शाळेत घालतोय." गुरुजी दाखला देतील. द्यावाच लागतो, तो तुमचा हक्क आहे. मुलाचं भलं व्हावं म्हणूनच तुम्ही तो मागताय, हेही मला ठाऊक आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. दाखला मागण्याआधी एक पूर्ण दिवस शाळेत जाऊन बसा.

प्रार्थनेला जा आणि खिचडी खाऊन होईपर्यंत थांबा. आदल्या दिवशी गुरुजींना किंवा बाईंना सांगून ठेवा, म्हणजे तपासणी आली असं त्यांना वाटणार नाही. मागच्या सतरंजीवर बसा. तुम्हाला कुणी उठवणार नाही.

बसलात की फळ्याकडे कमी आणि मुलांकडे जास्त बघा. छोट्या शाळेत दोन शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात. एका खोलीत पहिली-दुसरी, शेजारच्या खोलीत तिसरी-चौथी. तेव्हा बघायचं ते हे, की बाई तिसरीला वजाबाकी शिकवत असताना चौथीची मुलं काय करतात. एकमेकांना वाचून दाखवतात का? चिंचोके, काड्यांचे गठ्ठे, मणी हाताळतात का? की पाटी पुढ्यात घेऊन नुसती बसली आहेत? ज्या वर्गात थोरली मुलं धाकट्यांना शिकवतात तो वर्ग चांगला चालला आहे असं समजा. शिकवता शिकवता थोरल्यांचंही पक्कं होतं. मी उमेदीची सगळी वर्षं अशाच दोन खोल्यांच्या शाळांत काढली. हे मी रोज पाहिलं आहे.

एक काम घरी करा. तुमचं मूल तिसरीत असेल तर दुसरीचं मराठीचं पुस्तक त्याच्या हातात द्या. एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. मग विचारा, "यात काय झालं रे?" देशभर 'असर' नावाची पाहणी होते, तिच्यातही घरोघरी जाऊन मुलांकडून दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचून घेतात. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसेल तरी अडत नाही. मूल अडखळतंय की सरळ वाचतंय, हे कानाला कळतं. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या शेजारच्या मुलालाही बोलवा. त्याचं पुस्तक त्याच्याकडून वाचून घ्या आणि त्याने काय वाचलं ते मराठीत सांगायला लावा. दोघांचं ऐकून मग ठरवा.

इंग्रजीची काळजी मला समजते. पण मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत सेमी इंग्रजीही आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. आपल्या शाळेत ते आहे का, हे विचारा. नसेल तर मागा.

आता तालुक्याला नेणाऱ्या गाडीचा हिशेब मांडा. फी, गाडीभाडं, गणवेश, बूट, पुस्तकं, वर्षाचे बारा महिने. सहा वर्षांचं लेकरू सकाळी झोपेतून उठवून गाडीत बसवायचं आणि संध्याकाळी पेंगलेलं उतरवून घ्यायचं. घरी आल्यावर त्याचा अभ्यास कुणी घ्यायचा? इंग्रजी पुस्तक घरात कुणाला वाचता येत नसेल तर पुढे शिकवणी लागते, तिचे पैसे वेगळे. आणि दोन भावंडं असली की बहुतेक घरांत मुलगा गाडीत बसतो आणि मुलगी गावच्या शाळेत राहते. हे करू नका. तिला ते कळतं.

दाखल्याबरोबर आणखी काय जातं, तेही सांगतो.

शाळेत किती मुलं आहेत त्याला पट म्हणतात. ३० सप्टेंबरला जो पट असतो त्यावर शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. त्याला संचमान्यता म्हणतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो २०१० पासून लागू झाला. त्यात पहिली ते पाचवीच्या शाळेला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत, आणि ६१ पासून ९० पर्यंत तीन. म्हणजे पट ६१ चा ५९ झाला की एका शिक्षकाची जागा धोक्यात येते. शाळेला वर्षाला मिळणारं अनुदानही पटावरच ठरतं. सहावी ते आठवीचं तर आणखी अवघड झालं आहे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने वीसपेक्षा कमी मुलांच्या वर्गांच्या शिक्षकपदांवरच गदा आली, आणि त्याविरुद्ध शिक्षक रस्त्यावर उतरले.

एका गावातली गोष्ट सांगतो. एका जूनमध्ये अकरा घरांनी मुलं काढली. कुणाचंही मन वाईट नव्हतं. एकाने काढलं म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने काढलं म्हणून तिसऱ्याने. पुढच्या वर्षी एक शिक्षक दुसऱ्या गावी गेले. उरलेल्या एकट्या बाईंकडे चार वर्ग, खिचडीचा हिशेब, माहितीचे तक्ते आणि बैठका. शिकवणं मागे पडलं. ते बघून आणखी चार घरांनी मुलं काढली. शेवटी उरली ती गाडीभाडं परवडत नसलेल्यांची मुलं, रोजंदारीवर जाणाऱ्यांची. त्यांना कुणी काही विचारलंच नाही.

अशा शाळांवर अधूनमधून टांगती तलवार येते. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या १३०० हून अधिक शाळा बंद करून मुलं दुसऱ्या शाळेत हलवायचा निर्णय झाला होता. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा राज्यात जवळपास पंधरा हजार होत्या. शाळा दूर गेली की आधी कुणाचं नाव गळतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. ओढा ओलांडून जायला लागलं की आई म्हणते, राहू दे, घरी धाकट्याला सांभाळेल.

म्हणून पुढची कामं करा. एकेक करून करा, एका दिवसात होणार नाहीत.

मुलाचं नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्यावर, आधारवर आणि शाळेच्या रजिस्टरवर एकसारखी आहे का ते आत्ताच बघा. आधार जुळलं नाही तर पट मोजताना ते मूल गळू शकतं. वर्गात बसलेलं, हजेरी लागलेलं मूल, पण कागदावर नाही. जूनमध्ये दुरुस्तीला हेलपाटे घातलेत तर सप्टेंबरात धावपळ होत नाही. आडनावाच्या एका वेलांटीवरून पुढे दहावीला आणि जातीच्या दाखल्याला किती त्रास होतो, ते ज्याने भोगलं त्याला विचारा.

दाखला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून कुठलीही शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांनी हे पक्कं लक्षात ठेवा. निघण्याआधी गुरुजींना भेटा आणि शिक्षण हमी कार्ड मागा. जिथे जाल तिथल्या शाळेत ते दाखवायचं, मूल त्याच्या वयाच्या वर्गात बसतं. आजी-आजोबा मागे राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाचं विचारा. काही जिल्ह्यांत त्यातून मुलांच्या जेवणाची सोय गावातच होते. फडावर नेलेलं मूल चार महिने वाढं गोळा करतं आणि परत येतं तेव्हा जोडाक्षरं विसरलेलं असतं.

आता शाळा व्यवस्थापन समिती. याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. या समितीत चारातले तीन सदस्य पालक असावे लागतात. निम्म्या बायका असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा, मुख्याध्यापक सचिव असतात. दर महिन्याला बैठक व्हायला हवी. शाळा विकास आराखडा करायचा अधिकार याच समितीला आहे. आणि आपल्याकडे काय होतं? वही घरी येते, आपण सही करतो, वही परत जाते. तशी सही करू नका. तायांनो, तुम्हाला खास सांगतो. नवऱ्याला पाठवू नका, स्वतः जा. संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही, हे बैठकीत पुरुष बोलत नाहीत. ती कडी नाही म्हणूनच पाचवी-सहावीच्या मुली दिवसभर पाणी न पिता बसतात.

खिचडीकडेही लक्ष द्या. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे, सहावी ते आठवीला १५०. वर डाळ आणि भाजी. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने चव घ्यायची आणि वहीत लिहायची असा नियम आहे. आठवड्यातून एक दिवस ती चव तुमच्यापैकी कुणी घ्यावी. शिजवणाऱ्या ताई आपल्याच गावच्या असतात, चव घ्यायची ती त्यांच्यावर पहारा ठेवायला नव्हे. आपल्या परसातली मेथी, दोन भोपळे, शेवग्याच्या शेंगा घेऊन गेलात तर त्यांनाही बरं वाटेल.

गुरुजी शाळेत दिसले नाहीत म्हणून लगेच रागावू नका. निवडणूक, जनगणना, आपत्ती या कामांना त्यांना जावंच लागतं. पण वारंवार आणि विनाकारण असं होत असेल तर चावडीवर बोलू नका. आधी त्यांच्याशीच बोला. फरक पडला नाही तर केंद्रप्रमुखांना भेटा. त्यानंतर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. चार पालकांच्या सह्यांनी लेखी द्या आणि पोच घ्या. गुरुजी मुलाला मारत असतील तर मात्र थांबू नका. कायद्याने ते बंद आहे.

छोटी शाळा सुधारत नाही, असं कुणी म्हटलं तर दोन नावं सांगा. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटातल्या साध्या जिल्हा परिषद शाळा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी मिळून शिकवायची पद्धत बदलली. मुलं जमिनीवर आखलेल्या तक्त्यांवर, खडे-काड्या घेऊन, गटात शिकू लागली. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून गेले. दुसरं नाव खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरचं. तिथे २०२२ मध्ये तीन मुलं उरली होती. दत्तात्रय वारे गुरुजी आले, गाव पाठीशी उभं राहिलं, दोन-तीन वर्षांत पट शंभराच्या पुढे गेला. २०२५ मध्ये त्या शाळेला जगातल्या उत्तम शाळांसाठीच्या स्पर्धेत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. प्रत्येक गावाला वारे गुरुजी मिळणार नाहीत, हे मलाही कळतं. पण गाव पाठीशी उभं राहणं आपल्या हातात आहे.

अजून एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. नवोदय विद्यालयात सहावीला जायची परीक्षा पाचवीत असते आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात. त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागते. मूल शहरातल्या शाळेत घातलंत तर या जागांवरचा त्याचा हक्क जातो.

शाळा बंद होणार अशी कुणकुण लागली तर वाट बघू नका. ग्रामसभेत विषय घ्या आणि ठराव करा. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असं नियम सांगतो. नवी शाळा किती लांब आहे ते पावलांनी मोजा, पावसाळ्यातल्या वाटेने मोजा. नकाशावर ओढा दिसत नाही.

हे सगळं करूनही तुमचं मूल शिकत नसेल तर खुशाल दाखला काढा. मुलाचं एक वर्ष वाया घालवा असं मी सांगणार नाही. पण का काढताय ते समितीला लिहून द्या, दोन ओळी पुरे. मागे राहिलेल्या मुलांना त्याचा उपयोग होईल.

तेव्हा शाळा उघडली की एक दिवस रोजगार बुडवा आणि सतरंजीवर जाऊन बसा. जाताना धाकटीलाही बोट धरून घेऊन जा. पुढच्या वर्षी पहिलीत तिचंच नाव लिहायचं आहे.