गोळीबारानंतरची वस्ती

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी रस्त्यावर आलेल्या जनतेवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि १० जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. त्यांना गोळी लागली नव्हती. तरीही त्यांचा मृत्यू त्या गोळीबारापासून वेगळा काढता येत नाही, असे आम्ही मानतो.

शहरात दंगल वा गोळीबार झाला की चौकशी आयोग नेमला जातो, मृत व जखमी मोजले जातात, भरपाई जाहीर होते. वस्तीच्या आरोग्याची मोजदाद मात्र होत नाही. संचारबंदीत दवाखान्याची वाट बंद होते, आरोग्यसेविकेच्या घरभेटी थांबतात, बालकांचे लसीकरण लांबते. क्षयरोगाची औषधे साधारणतः किमान ६ महिने अखंड घ्यावी लागतात. त्यांत खंड पडल्यास रोग औषधांना दाद देईनासा होण्याचा धोका असतो. गोळीबार एका दिवसात थांबतो, त्याचे असे परिणाम महिनोन्‌महिने चालू राहतात.

मनाची जखम तर दिसतही नाही. फटाक्याच्या आवाजाने दचकणारी, रात्र रात्र न झोपणारी मुले अशा वस्त्यांतून आमच्या वर्गात आली, तेव्हा ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून आम्ही त्यांना दटावले. ती आमची चूक होती.

लढणाऱ्या समाजाने मनाच्या दुबळेपणाची चर्चा करू नये, असे काही बांधव म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. दुःखाचे अस्तित्व ओळखणे आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखविणे हाच धम्माचा पाया असल्याचे बाबासाहेबांनी सांगितले आहे. मग हेच दुःख आपण का लपवावे?

हिंसाग्रस्त वस्तीत पोलिसांच्या गाडीपाठोपाठ फिरता दवाखाना आणि समुपदेशकही पोचला पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय मानसोपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. तो मागण्यात लाज कसली? ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर असावा. आमचे जे विद्यार्थी आज डॉक्टर, परिचारिका, शिक्षक आहेत, त्यांनी महिन्यातील एक दिवस आपल्या वस्तीस द्यावा. शहिदांना अभिवादन करताना मागे राहिलेल्यांची विचारपूस करणे, हेही आपलेच कर्तव्य आहे.