औत सोडण्याची वेळ

पाडवा आला म्हणजे आपल्या नांदेड-लातूर भागांत शेतीचें नवें साल सुरू होतें. जुन्या सालगड्याचा हिशेब त्या दिवशीं पुरा होतो व नव्याचा ठराव होतो. रोख किती, धान्य किती, कपडा व पायताण काय, हें सर्व बोलून घेतलें जातें. परंतु त्याच सुमारास जें ऊन चढूं लागतें व पुढें दोन-अडीच महिने माणसास भाजून काढतें, त्याविषयीं या ठरावांत एक अक्षरही नसतें. पावसाचा हिशेब आपण नक्षत्रवार ठेवतों. मृग कसा गेला, हस्तानें काय दिलें, हें दहा वर्षांमागचेंही आपणांस तोंडपाठ असतें. उन्हाचा हिशेब मात्र आपल्यापैकीं कोणीच ठेवीत नाहीं. तो ठेवणें हें प्रथम शेतमालकाचें काम आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे; व तें कां, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम या उन्हाचें कारण पाहूं. नांदेड सुमारें १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे व लातूर त्याच्या किंचित् दक्षिणेस. त्यामुळें सूर्य वर्षांतून दोन वेळां दुपारीं बरोबर आपल्या डोक्यावर येतो. एकदां मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास व पुन्हां जुलैच्या अखेरीस. जुलैंत आभाळ भरलेलें व जमीन पिकानें झांकलेली असते. मेमध्यें यांपैकीं कांहींच नसतें. समुद्र दूर, हवा कोरडी, आभाळ निरभ्र, आणि काळी जमीन नांगरून उघडी टाकलेली. अशा स्थितींत पारा ४२ ते ४४ अंशांपर्यंत जावा यांत नवल नाहीं. शिवाय वर्तमानपत्रांत जो आंकडा येतो तो सावलींतील असतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. हवामानखात्याचा उष्णतामापक जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, वारा खेळता राहील अशा पांढऱ्या झडपांच्या पेटींत ठेवलेला असतो. उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग त्याच वेळीं ५५ ते ६० अंशांपर्यंत तापूं शकतो. धसकटें वेचणारी बाई त्या मातीवर वांकून काम करते. तिच्या वांट्याचें ऊन वर्तमानपत्रांतील आंकड्याहून पुष्कळच अधिक असतें.

वाळवंटाचें नांव निघालें म्हणजे आपण राजस्थानाकडे बोट दाखवितों. तेथील फलोदी येथें १९ मे २०१६ रोजीं ५१ अंश उष्णता नोंदली गेली, हें खरें. परंतु त्याच उन्हाळ्यांत आपल्या लातूरची काय अवस्था होती? मांजरा धरण कोरडें पडलें होतें आणि १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. तिच्या दहा वाघिणींत पांच लाख लिटर पाणी होतें. ती गाडी सर्वांच्या स्मरणांत आहे. त्या उन्हांत कोणाच्या शेतावर कोण पडलें, याची आठवण कोणीं ठेविली नाहीं. पाणी आगगाडीनें आणतां येतें. सावली तशी आणतां येत नाहीं, ती आधींच लावून ठेवावी लागते.

जे खरोखर वाळवंटांत राहतात त्यांनीं याचा विचार केलेला आहे. कतारच्या सरकारनें २०२१ मध्यें असा नियम केला कीं, १ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत सकाळीं दहा ते दुपारीं साडेतीन या वेळांत उघड्यावर मजुराकडून काम घेऊं नये. संयुक्त अरब अमिरातींतही १५ जून ते १५ सप्टेंबरपर्यंत दुपारीं साडेबारा ते तीन काम बंद ठेवण्याचा नियम आहे. आपल्या देशांत २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यानें कामाच्या जागीं पिण्याचें पाणी, विश्रांतीसाठीं सावली व प्रथमोपचाराची पेटी असावी, असें ठरविलें होतें. खाजगी शेताच्या बांधाआड मात्र मालकाची समज हाच कायदा असतो.

पूर्वीं हा कायदा आपणांकडून बैल पाळवून घेत असे. पहांटे औत जुंपावयाचें व ऊन तापूं लागलें कीं दहाच्या सुमारास सोडावयाचें, हा वाडवडिलांचा शिरस्ता होता. देवणी काय किंवा लाल कंधारी काय, दोन्ही जाती आपल्याच मातींतल्या व उन्हास काटक. तरी भर दुपारीं त्यांस जुंपण्याचें धाडस शहाणा शेतकरी करीत नसे, कारण बैल बसला तर पेरणीच बसली. बैल सुटला कीं गडीही सुटे. म्हणजे माणसास जी दुपारची सावली मिळे, ती त्याच्या दयेपोटीं नव्हे, तर जनावराच्या किंमतीमुळें मिळे. आतां नांगरट बहुतेक ट्रॅक्टरवर होते. ट्रॅक्टरास ऊन लागत नाहीं, व त्याचें भाडें चालू असतां मालक त्यास थांबूं देत नाहीं. पऱ्हाट्या उपटणें, धसकटें वेचणें, अर्धापूर-मुदखेडाकडील हळदीची काढणी, हीं कामें पुष्कळ ठिकाणीं गुत्त्यानें दिलीं जातात, आणि गुत्तें घेणारी टोळी तें लवकर संपविण्याच्या मागें असते. अशा रीतीनें औत सोडण्याची वेळ आपल्या शेतांतून नाहींशी झाली आणि ती गेल्याचें आपल्या लक्षांतही आलें नाहीं.

प्रस्तुत लेखकास हें दुसऱ्याच्या दोषाकडे पाहून सुचलेलें नाहीं. कंधार तालुक्यांतील आमच्या शेताच्या धुऱ्यावर वडिलांच्या हातचा एक लिंब होता. त्याच्या सावलीनें ज्वारीच्या चार-पांच ओळी खुरटतात, या हिशेबानें आम्हीं तो विकून टाकला. पुढल्याच वैशाखांत त्या शेतांतील धसकटें वेचण्याचें काम गुत्त्यानें दिलें होतें. बारा बायका होत्या. दुपारीं दोनच्या सुमारास त्यांतील एक असंबद्ध बोलूं लागली. इतरांस वाटलें, भोवळ आली असेल. परंतु तिला बसवावें तर सावली नव्हती. दोघींनीं पदर धरून तिला धुऱ्यावर निजविलें व आम्हांस बोलावणें पाठविलें. दवाखान्यांत पोंचेपर्यंत तासाच्या वर वेळ गेला. ती वांचली, पण पुढें तिच्यानें उन्हांतलें काम कधींच झालें नाहीं, आणि तिचें घर मजुरीवरच चालत होतें. लिंबाचे जे पैसे आले होते ते तिच्या औषधपाण्यासही पुरले नाहींत. हा जमाखर्च आमच्या वहींत लिहिलेला आहे. दुसऱ्या कोणाच्या वहींत तो लिहावा लागूं नये, एवढाच हेतु.

या आजाराचा प्रकार मालकानें समजून घेतला पाहिजे. कष्टाच्या कामांत तासास एक लिटरपर्यंत घाम जाऊं शकतो व त्याबरोबर मीठही जातें. घाम वाळतांना अंग निवतें. पाणी कमी पडलें, किंवा मृगाच्या तोंडावर हवा दमट होऊन घाम वाळेनासा झाला, कीं अंगांतील उष्णता सांचत जाते. ती ४० अंशांच्या, म्हणजे १०४ डिग्री तापाच्या, वर गेली कीं मेंदूवर परिणाम होतो. बडबड, झोक जाणें, बेशुद्धि, हीं त्याचीं लक्षणें. अंगास घाम आहे म्हणजे ऊन लागलेलें नाहीं, ही समजूत खोटी आहे. कष्ट करणारा मनुष्य घामानें भिजलेला असतांही त्यास उष्माघात होतो. अशा वेळीं त्यास सावलींत न्यावें, सर्व अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मान, काखा व जांघा येथें ओलीं फडकीं ठेवावीं, शुद्ध नसल्यास तोंडांत पाणी घालूं नये, व १०८ क्रमांकावर गाडी बोलावून विनाविलंब दवाखान्यांत पोंचवावें. उन्हाची संवय होण्यास एक-दोन आठवडे लागतात. म्हणून नव्या गड्यास व दुखण्यांतून उठलेल्यास पहिले कांहीं दिवस अर्धेंच काम द्यावें.

आतां उपाय. आपल्या घड्याळाप्रमाणें मे महिन्यांत सूर्य माथ्यावर येतो तो सव्वाबाराच्या सुमारास, आणि हवा त्यानंतरही दोन-तीन तास तापतच राहते. म्हणून बारा वाजतां भाकरीस सोडून एक-दोन वाजतां पुन्हां कामास लावणें हा रिवाज अगदीं उलटा आहे. दिवसांतील सर्वांत वाईट तास तो कामासाठीं राखून ठेवतो. चैत्र, वैशाख व ज्येष्ठाच्या पूर्वार्धांत काम सकाळीं सहा ते अकरा व गरज पडल्यास सायंकाळीं साडेचारनंतर दोन तास, याप्रमाणें घ्यावें. शेतावर माठ, मीठ घातलेलें ताक किंवा आंबील असावी, आणि दर अर्ध्या तासास पाणी पिण्याची मोकळीक असावी.

यावर आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहींत. पहिला असा कीं, बायकांस सहा वाजतां येतां येत नाहीं. घरचें पाणी, भाकरी, लेंकरें आटोपून त्या नऊ-दहाच्या आधीं निघूं शकत नाहींत. हें खरें आहे. त्यांच्यासाठीं सात ते बारा अशी एकच पाळी ठेवून तिचाच रोज पुरा धरावा. दुसरा आक्षेप, मजूरच गुत्तें मागतात. मागूं देत, गुत्तें द्यावें, परंतु अकरा ते साडेचार शेतांत कोणी राहूं नये, ही अट त्यांत घालावी आणि त्यामुळें दिवस वाढल्यास तो मालकानें सोसावा. तिसरा आक्षेप खर्चाचा. तो लपविण्यांत अर्थ नाहीं. एका उन्हाळ्यांत कांहीं रोज अधिक जातील. परंतु भर दुपारच्या तासांत हात किती चालतो हें ज्यानें धुऱ्यावर उभें राहून पाहिलें आहे, तो त्या तासांचें मोल फार धरणार नाहीं.

राहिला झाडाचा प्रश्न. सावलीनें पीक बसतें, हें आम्हींही मानीत होतों. परंतु सावली कोणत्या दिशेस पडते हें आम्हीं पाहिलेंच नाहीं. मेच्या मध्यास माथ्यावरच्या सूर्यानें झाडाची सावली झाडाखालींच पडते व तेव्हां बहुतेक रानें मोकळींच असतात. खरीपांतही दुपारची सावली बुंध्यापासून फार दूर जात नाहीं. रब्बींत मात्र सूर्य दक्षिणेस कलतो व मार्गशीर्ष-पौषांत ऐन दुपारीं झाडाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीइतकी लांब, उत्तरेस पडते. यावरून साधा नियम निघतो. ज्या धुऱ्याच्या उत्तरेस गाडीवाट, ओढा किंवा पडीक आहे, त्या धुऱ्यावर झाडें लावावीं. म्हणजे रब्बीची सावली ना आपल्या पिकावर पडेल ना शेजाऱ्याच्या. लिंब यासाठीं सर्वांत उत्तम, कारण तो फाल्गुनाच्या सुमारास पानें टाकून चैत्रांत पुन्हां पालवतो व सावलीची गरज असते तेव्हांच भरून येतो. चिंचही चालेल. झाड वाढेपर्यंत चार मेढी व पऱ्हाट्यांचा मांडव एका दिवसांत उभा राहतो; तेवढाही नसलेलें शेत मजुरांनीं नाकारावें इतकें तें नामुष्कीचें मानलें पाहिजे.

आमच्या धुऱ्यावर आतां तीन लिंब लाविले आहेत. सर्वांत मोठा पुरुषभर झाला आहे. त्याखालीं दोन माणसें कशींबशीं बसतात. तोंवर मांडव आहे. येत्या पाडव्यास सालगड्याशीं बोलतांना रोख, धान्य व कपडा यांच्या जोडीस उन्हाचे तासही आम्ही ठरावांत लिहिणार आहों, आणि संस्थेच्या सभासदांनींही तसेंच करावें अशी विनंति आहे. गांवांतील चार मोठ्या जमीनदारांनीं एकच वेळ धरली, तर मजूर कमी तासांच्या कामासाठीं आपणांकडे येईल कीं दुसऱ्याकडे जाईल, ही भीतिच राहणार नाहीं. बैल जी वेळ आपणांस न सांगतां पाळावयास लावीत होता, ती आतां आपणच ठरवून पाळावयाची आहे.